गुपिताची दवंडी

काट्याने काटा काढावा, ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मे २०१५मध्ये देशाचे तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तीच म्हण एका वृत्तवाहिनीच्या व्यासपीठावरून हिंदीत वापरली. दहशतवाद्यांचा बंदोबस्त दहशतवाद्यांकडूनच करवून घ्यावा, दर वेळी आपल्याच जवानाने का पुढे व्हावे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पाकिस्तानचे परराष्ट्र व्यवहार सल्लागार सरताज अझीझ यांनी ते वाक्य लगेच उचलले. आमच्या देशातल्या घातपातांमागे भारत आहे ही आमची शंका या विधानाने पक्की झाली, असे त्यांनी जाहीर केले.

ज्याला काटा काढायचा असतो तो मुकाट्याने काढतो. मग एखादे सरकार आपला गुप्त बेत चारचौघांत का बोलून दाखवते? त्या वेळी दोन उत्तरे दिली गेली. विरोधकांच्या मते मंत्र्यांची जीभ घसरली. समर्थकांच्या मते शत्रूला दम भरला. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटली, कारण हा प्रकार पर्रीकरांपासून सुरू झालेला नाही. तो फार जुना आहे आणि त्याचे काही अव्वल दाखले आमच्या पुणे जिल्ह्यातच आहेत.

मी राहतो ते काटेवाडी गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. १८८५ साली छापलेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला लागलो, तिथून ही वाट धरली. आमच्या लहानपणी गावात दवंडी असे. हलगी वाजवत गावकोतवाल आळीआळीने फिरे : उद्यापासून कालव्याची पाणीपाळी सुरू, परवा टोचणीवाले येणार, अमक्याच्या विहिरीवर जप्ती. दवंडीतून काय होणार ते कळे. चावडीवर आदल्या रात्री कोण काय बोलले, कोणी कोणाची चुगली केली, हे दवंडीत कधीच येत नसे. सरकारची गुपिते आणि सरकारच्या घोषणा यांचे नाते मला याच दवंडीवरून उमगत गेले. दवंडी पिटली म्हणजे गुपित उघडे झाले असे नव्हे. गुपिताचा कोणता तुकडा बाहेर सोडायचा हे आधी ठरते आणि हलगी मग वाजते.

जाहीरनाम्याचा खरा वाचक

पुरंदरच्या डोंगरात १८२६पासून उमाजी नाईकाने इंग्रजांना बेजार केले. रामोशी हे मूळचे गावाचे आणि किल्ल्याचे राखणदार. गावात चोरी झाली तर माग काढून तो पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन भिडवायचा, नाहीतर नुकसान भरून द्यायचे, ही त्यांची जबाबदारी. पेशवाई गेली, किल्ल्यांची राखण गेली, वतनाचे उत्पन्न आटले. ज्या हातांना डोंगराची प्रत्येक वाट ठाऊक होती, तेच हात इंग्रजांविरुद्ध उठले.

सरकारने जाहीरनामे काढले. उमाजी आणि त्याच्या म्होरक्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस, बाकीच्यांनी हत्यार टाकले तर माफी. बक्षिसाची रक्कम वाढत गेली, काही हजारांवर पोचली, जोडीला इनाम जमिनीचे आमिष आले. हे जाहीरनामे गावोगाव वाचून दाखवले गेले. आता विचार करा, हे ऐकणार कोण होते? सासवड-जेजुरीच्या बाजारातला शेतकरी उमाजीला पकडणार नव्हता. त्याच्याजवळ ना बळ होते ना ठावठिकाणा. ठावठिकाणा होता फक्त उमाजीच्या साथीदारांकडे. जाहीरनामा साऱ्या मुलुखात वाचला जात असला तरी त्याचे खरे वाचक ते दहा-वीस जण होते. त्यांना शोधून काढून निरोप धाडणे सरकारला शक्य नव्हते, म्हणून सगळ्या मुलुखाला ओरडून सांगायचे आणि त्या दहा-वीसांच्या कानावर पडेल अशी आशा धरायची.

याचा आणखी एक परिणाम होतो. बक्षीस जाहीर झाल्यावर साथीदार फितूर होवो न होवो, नाईकाला रात्री झोप लागत नाही. भाकरी घेऊन येणाऱ्या माणसाकडे तो वेगळ्या नजरेने बघू लागतो. हे काम चोरून दिलेल्या लाचेने होत नाही. लाच दिली हे नाईकाला कळलेच नाही तर तो बेफिकीर राहील. संशय पेरायचा तर आपण माणसे फोडतो आहोत हे मोठ्याने सांगावेच लागते. घोषणेचे पहिले कारण मला इथे सापडले : काही गुप्त कामे अशी असतात की ती चालू आहेत हे शत्रूला कळल्याशिवाय त्यांचा निम्मा उपयोग होत नाही.

मध्यंतरी, १८२८च्या सुमारास, सरकारने काट्याने काटा काढण्याचाही प्रयोग केला. उमाजीलाच माफी देऊन मुलुखाच्या बंदोबस्ताला नोकरीत घेतले. तो प्रयोग फसला आणि उमाजी पुन्हा डोंगरात गेला. पण या काळात त्यानेही सरकारचा धडा गिरवला होता. १८३१मध्ये त्याच्या नावाने उलटा जाहीरनामा निघाला, इंग्रजांविरुद्ध उठा म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरात, पूर्वी त्याच्याबरोबर असलेल्या माणसांच्या मदतीने तो पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याच्या मागावर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी मुंबईत रामोशांवर आणि उमाजीच्या चरित्रावर पुस्तक छापले. मोहीम संपताच तिची हकिगत मोहीम चालवणाऱ्यानेच लिहावी आणि इतिहासाला तीच मुख्य साधन म्हणून उरावी, ही प्रथाही तेव्हापासूनची.

बक्षिसाला बक्षीस

पुढची गोष्ट १८७९ची. १८७५मध्ये आमच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या होत्या. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून असलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून बंड उभारले. फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीपासून धाडी सुरू झाल्या. सरकारने जुनाच उपाय काढला आणि फडक्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केले.

फडक्यांनी त्याला दिलेले उत्तर सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल याच्या डोक्यावर उलट बक्षीस लावले. त्यांच्याकडे द्यायला पैसे कुठे होते? नव्हतेच. पण त्यांच्या जाहीरनाम्याची बातमी वर्तमानपत्रांतून लंडनपर्यंत गेली. कालपर्यंत ज्याची संभावना सरकार दरोडेखोर म्हणून करत होते, तो एका रात्रीत गव्हर्नरच्या बरोबरीला जाऊन बसला. ही संधी सरकारनेच त्याला दिली होती. बक्षीस जाहीर केले याचा अर्थ, हा माणूस आमच्या नेहमीच्या पोलिसांना आवरत नाही अशी कबुलीही त्यात आली.

हा प्रकार एकोणिसाव्या शतकाबरोबर संपला असे वाटत असेल तर अमेरिकेचे एक उदाहरण बघा. १९९५च्या अखेरीस इराणविरुद्धच्या गुप्त कारवायांसाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये सुमारे दोन कोटी डॉलरची तरतूद झाली. गुप्त कामाचा पैसा, पण त्याची चर्चा वर्तमानपत्रांत. इराणच्या संसदेने काय करावे? अमेरिकेच्या कारस्थानांना तोंड देण्यासाठी तिनेही दोन कोटी डॉलरचा निधी मंजूर केला. टेंपल आणि फडके यांचा सामना एकशेसोळा वर्षांनी दोन संसदांमध्ये खेळला गेला. ज्याने आधी दवंडी दिली त्याला वाटते आपण धाक घातला. समोरच्याला त्यातून व्यासपीठ मिळते.

फडके जुलै १८७९मध्ये कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी इथे मेजर डॅनियलच्या हाती सापडले. तापाने फणफणलेले, देवळात झोपलेले. त्यांना पकडले ते पाठलागाने. बक्षिसाच्या घोषणेपेक्षा त्या चिकाटीचा हात त्यात मोठा होता. पाठलाग चालू असताना त्याची दवंडी कोणी दिली नव्हती.

वीस हजार रुपये

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. चिंचवडचे दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर हे त्यामागे आहेत याचा सरकारला पत्ता नव्हता. वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. महिना पंधरा-वीस रुपयांवर कारकुनी करणाऱ्याने जन्मभर काम केले असते तरी एवढी रक्कम त्याच्या हाताला लागली नसती.

त्या उन्हाळ्यानंतर पुण्यात जे चालले त्यात काय उघड होते आणि काय झाकलेले, हे मी एकदा वहीत दोन रकाने करून लिहिले. उघड रकान्यात : बक्षिसाची रक्कम, शहरावर बसवलेले जादा पोलीस आणि त्यांचा रहिवाशांवर लादलेला खर्च, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, नातू बंधूंची अटक. झाकलेल्या रकान्यात : नातूंवर आरोप काय होता ते, कारण त्यांना १८२७च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवायच डांबले होते, आणि मुंबईहून आणलेला पोलीस अधिकारी ब्रुइन कोणाकोणाशी बोलतो आहे ते. उघड रकान्यातली प्रत्येक बाब शहराला ऐकू जावी म्हणून केलेली होती. सरकारला मारेकरी सापडत नव्हता, म्हणून सरकार आपली ताकद दाखवत होते. ६ जुलैच्या केसरीत टिळकांनी सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा सवाल केला तो याच दिखाव्याला उद्देशून होता.

घोषणेचे दुसरे कारण इथे दिसते. सरकारच्या हाती काहीच नसते तेव्हा घोषणेचा आवाज सर्वांत मोठा असतो. लंडनला, मुंबईच्या गोऱ्या वस्तीला, पुण्याच्या पेठांना, प्रत्येकाला सांगायचे असते की आम्ही स्वस्थ बसलेलो नाही.

शेवटी माहिती मिळाली ती गणेश शंकर द्रविड याच्याकडून. तो आणि त्याचा भाऊ रामचंद्र, दोघेही चापेकरांना ओळखणारे. दामोदर पकडला गेला, त्याच्यावर खटला झाला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात तो फाशी गेला. द्रविड बंधूंना सरकारने बक्षीस दिले.

इथे घटकाभर थांबू या. वीस हजारांची दवंडी पिटली तेव्हाच हे ठरून गेले होते की ज्या दिवशी मारेकरी पकडला जाईल, त्या दिवसापासून सारे पुणे विचारील, पैसे कोणाला मिळाले? हा प्रश्न दवंडीच्या पोटातच होता. चोरून दिलेल्या माहितीला चोरून मोबदला दिला असता तर निदान कुजबूज तरी उशिरा झाली असती. पण रक्कम जाहीर, अटक जाहीर, खटला जाहीर. उरले एक नाव. ते किती दिवस झाकून राहणार? सदाशिव-नारायण पेठांचे पुणे त्या वेळी किती लहान होते, हे जुना नकाशा पाहिला की कळते.

फेब्रुवारी १८९९मध्ये एका संध्याकाळी दोन माणसे पंजाबी वेष करून द्रविडांच्या दारी आली आणि ब्रुइनसाहेबांनी फरासखान्यात बोलावले आहे, असे त्यांनी सांगितले. भाऊ बाहेर पडले आणि वाटेत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही वाचले नाहीत. झाडणारे होते दामोदरचा धाकटा भाऊ वासुदेव आणि महादेव रानडे. मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण अशा तिघांना चार-पाच दिवसांच्या आत येरवड्यात फाशी दिले गेले.

हे सारे मी शाळेत शिकलो ते देशभक्तांची गोष्ट म्हणून, आणि चापेकर बंधूंविषयीचा आदर माझ्या मनात आजही आहे. पण या गोष्टीतल्या एका तपशिलाकडे आपले लक्ष जात नाही. द्रविडांना घराबाहेर काढायला कोणते नाव वापरले गेले? ब्रुइनचे. सरकारी माणसाचे बोलावणे येताच ते उठून जातात, हे मारणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. सरकार आणि खबऱ्या यांच्यातला जो धागा गुप्त राहायला हवा होता, तोच त्यांना ओढून नेण्याचा दोर झाला. खबऱ्यांविषयी कोणाला माया नसते. फितूर, घरभेदी असेच आपण म्हणतो. तरीही राज्यकारभाराचा विचार करणाऱ्याला हा हिशेब चुकवता येत नाही. जाहीर बक्षिसाचे श्रेय सरकारला मिळाले, मारेकरी सापडल्याने अब्रू राहिली, आणि जाहीरपणाची किंमत दवंडी पिटणाऱ्यांपैकी कोणी भरली नाही. ती भरली साखळीतल्या सर्वांत खालच्या, सर्वांत बेवारस माणसांनी. गेल्या दोनशे वर्षांतली जी जी प्रकरणे मी वाचली, त्यांत हा नियम मला फारसा मोडलेला दिसला नाही.

बंद दाराआड चौकशी, छापून अहवाल

चापेकर प्रकरणाला आणखी एक शेपूट आहे. डिसेंबर १९१७मध्ये सरकारने न्यायमूर्ती सिडनी रौलट यांच्या अध्यक्षतेखाली राजद्रोह समिती नेमली. तिचे कामकाज बंद दाराआड चालले. साक्षी गुप्त, पोलिसांची कागदपत्रे गुप्त. पण १९१८मध्ये अहवाल छापला गेला, आणि त्याचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्याचे, म्हणजे पुण्याचे, चापेकरांचे. द्रविड बंधूंच्या खुनाचा उल्लेखही त्यात आहे.

ज्या सरकारने वर्षानुवर्षे गुप्त पोलिसांकडून माहिती गोळा केली, त्याने ती पुस्तकरूपाने का छापावी? कारण त्याला कायदा हवा होता. महायुद्ध संपत आले होते, युद्धकाळातले जादा अधिकार संपणार होते. ते पुढे चालू ठेवायचे तर लोकांना आणि कायदेमंडळाला भीती पटवून द्यायला हवी. गुप्त माहितीचा निवडक भाग उघड केला की ती भीती पटते आणि उरलेल्या भागाबद्दल प्रश्न विचारायची सोय राहत नाही. आम्हाला याहून बरेच ठाऊक आहे पण सांगता येत नाही, एवढे म्हटले की वाद संपतो. मार्च १९१९मध्ये रौलट कायदा झाला. देशाने त्याला काय उत्तर दिले ते सांगायला नको.

गंमत अशी की सरकारने क्रांतिकारकांना बदनाम करायला छापलेला तो अहवाल पुढे क्रांतिकारकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनीच साधन म्हणून वापरला. दवंडी एकदा हवेत गेली की ती कोणी कशासाठी ऐकावी हे दवंडीवाल्याच्या हातात राहत नाही. पर्रीकरांचे वाक्य सरताज अझीझांच्या उपयोगी पडले, ते याच न्यायाने.

कारवाईनंतरची दवंडी

आता आपल्या काळात येऊ. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि पलीकडे बसलेले सूत्रधार त्या पाहून आपल्या माणसांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या अपिलाच्या निकालात, ऑगस्ट २०१२मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे मारले. कोणता तुकडा कधीही बाहेर जाता कामा नये याचा तो धडा होता : वेळ, जागा आणि रीत.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला महाराष्ट्राने तो धडा तंतोतंत पाळलेला दिसतो. कसाबला आर्थर रोडहून येरवड्याला आणले याची कोणाला चाहूल लागली नाही. या कामाचे सांकेतिक नावही ‘ऑपरेशन एक्स’. सकाळी साडेसातला फाशी झाली आणि त्यानंतर गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ती जाहीर केली. ज्या येरवड्यात चापेकर फाशी गेले तिथेच हे घडले, एवढेच दोन्हींत साम्य. पण घोषणेची पद्धत बघा. आधी संपूर्ण मौन, नंतर मोजकी पण पूर्ण माहिती. न्यायालयाचा निकाल जाहीर, दयेचा अर्ज फेटाळलेला, फाशी कायद्याने. लपवली होती ती फक्त तारीख.

पर्रीकरांच्या विधानानंतर तीन आठवडे झाले नाहीत तोच, ९ जून २०१५ला, लष्कराने म्यानमारच्या सीमेवर बंडखोरांवर कारवाई केली. मणिपुरात अठरा जवान मारले गेले होते, त्याचा हा बदला. लष्कराच्या निवेदनात शब्द जपून वापरले होते, सीमेलगत कारवाई झाली एवढेच. केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी मात्र आपण सीमा ओलांडल्याचे वाहिन्यांवर उघड सांगितले. म्यानमारने लगोलग म्हटले की आमच्या हद्दीत काही घडलेच नाही. मित्रदेशाला जे मुकाट्याने चालले असते, ते बोलल्यावर नाकारावे लागले.

सप्टेंबर २०१६मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर नियंत्रणरेषेपलीकडे लक्ष्यभेदी हल्ले झाले. २९ तारखेला लष्करी कारवायांचे महासंचालक रणबीर सिंग यांनी पत्रकारांपुढे निवेदन वाचले. त्यात तीन गोष्टी होत्या : आम्ही कारवाई केली, पाकिस्तानच्या समपदस्थ अधिकाऱ्याला कळवले आहे, आणि ती पुढे चालू ठेवायचा आमचा बेत नाही. किती माणसे मारली, कुठून गेलो, कसे परतलो, याचा तपशील नव्हता. पाकिस्तानने असे काही झालेच नाही म्हणून सांगितले. सांगणाऱ्यालाही समाधान, नाकारणाऱ्यालाही मोकळीक, आणि युद्ध टळले. पुढच्याच महिन्यात परराष्ट्र सचिव जयशंकर यांनी संसदीय समितीपुढे सांगितल्याचे प्रसिद्ध झाले की अशा मर्यादित कारवाया लष्कराने पूर्वीही केल्या होत्या. नवे एवढेच होते की या वेळी सरकारने ती जाहीर केली.

जयशंकरांचे हे म्हणणे या विषयावरचे सर्वांत मोलाचे वाक्य आहे असे मला वाटते. कृती जुनीच होती, दवंडी नवी होती. मग बदलले काय? ऐकणारे बदलले. पूर्वीच्या कारवाया शत्रूच्या सैन्याला उद्देशून असत, त्याला त्या कळतच. जाहीर कारवाई त्याबरोबरच आपल्या जनतेलाही उद्देशून असते. जनतेला कळले की तिची अपेक्षा वाढते. पुढच्या हल्ल्यानंतर गप्प बसायची मुभा सरकारला उरत नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये बालाकोटनंतर परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी निवेदन केले, शब्द मोजून वापरले. पण विमाने आत गेली होती, ते पाकिस्तानला नाकारता येण्याजोगे नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्याचे उत्तर आले आणि आपला वैमानिक त्यांच्या हाती सापडला. एप्रिल २०२५मध्ये पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली, त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली. मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ची घोषणा झाली तेव्हाही कारवाई मोजून-मापून केली असल्याचे सांगितले गेले. तरी लढाई १० मेपर्यंत चालली. दवंडीमागून दवंडी, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा मोठ्या आवाजात. परत फिरायची वाट दर वेळी थोडी अरुंद होत जाते.

दवंडी ऐकणाऱ्याने काय विचारावे

सरकारने गुप्त कामांविषयी चकार शब्द काढू नये, असे मी म्हणत नाही. जे राज्य कधीच बोलत नाही ते कोणाला जाबही देत नाही. नातू बंधूंना खटल्याशिवाय कोंडणारे मौन मला मुळीच नको आहे. माझी तक्रार अर्ध्या दवंडीविषयी आहे. श्रेय घेण्यापुरते गुपित उघडे करायचे आणि हिशेब मागितला की ते पुन्हा झाकायचे, ही ती अर्धी दवंडी. बोलायचेच असेल तर कसाबच्या फाशीइतके नीट बोलावे. तिथे निकाल होता, कायदा होता, आणि घोषणा कृतीनंतर होती.

या मोजपट्टीवर मे २०१५चे ते वाक्य ठेवले तर काय दिसते? उमाजीवरच्या जाहीरनाम्याला निदान ठरावीक ऐकणारे होते, त्यांच्या मनात संशय तरी पेरला गेला. २०१६च्या निवेदनामागे घडलेली कृती होती आणि ते वाढवणार नाही असे वचनही होते. काट्याने काटा काढण्याच्या वाक्यामागे सांगण्याजोगी कृती नव्हती, त्यातून फुटेल असा कोणी साथीदार नव्हता. ते ऐकून सावध व्हायला मात्र दोघे होते. एक शत्रू, ज्याला पुरावा नसताना आरोपाला आधार मिळाला. दुसरा, असलाच तर, तो अनामिक काटा. पलीकडे कुठेतरी आपल्यासाठी काम करणारा माणूस खरोखर असेल, तर त्या दिवशी त्याच्याकडे बघणाऱ्या नजरा बदलल्या असतील. पर्रीकरांच्या हेतूविषयी मला शंका नाही. जवानाचा जीव वाचावा हीच त्यांची कळकळ होती. पण ज्याच्या जिवावर तो वाचवायचा, त्याचाही जीव असतो.

म्हणून पुढच्या वेळी अशी घोषणा कानावर आली की टाळ्या वाजवण्याआधी किंवा शिव्या देण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो. ही दवंडी नक्की कोणाला ऐकवायची आहे? यातून कोणाचे नाव किंवा कोणाचा माग उघडा पडतो? आणि उद्या याबद्दल जाब विचारला तर उत्तर मिळणार आहे, की पुन्हा गुप्ततेचा दाखला दिला जाणार आहे? यातला मधला प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, कारण ज्याचे नाव उघडे पडते तो सहसा तक्रार करायला उरत नाही. १८९९च्या त्या फेब्रुवारीत पुण्यात द्रविडांसाठी रडणारे फारसे कोणी नव्हते. सरकारने मारेकऱ्यांना फाशी देऊन प्रकरण मिटवले. वीस हजारांची दवंडी पिटण्याचे कोणी ठरवले, असा प्रश्न मात्र कोणी कोणाला केला नाही.